नवी प्रणाली घ्या, पण छपाई शेवटावर ढकलू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुनी संगणक प्रणाली बदलण्याचा विषय आता नागरी बँका, पतसंस्था, साखर कारखाने आणि चादर-टॉवेलच्या मोठ्या पेढ्या अशा सगळ्यांकडेच निघतो. प्रणाली मेनफ्रेमवरची, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावरची, असो की त्याच वळणाची, कोबोल या जुन्या संगणकभाषेतली, बैठका होतात त्या डेटा, स्क्रीन आणि मोबाइल ॲपवर. छपाईचे ‘ते शेवटी बघू’ म्हणून राहून जाते, आणि मार्चअखेरीला नेमके तिथेच अडते. सोलापुरातल्या संस्थांनी कंत्राट देण्याआधी काही गोष्टी तपासाव्यात, म्हणून हे पत्र.

मेनफ्रेमवरचा जुना अहवाल म्हणजे बहुतेक वेळा १३३ अक्षरांच्या ओळींची फाइल. त्यातल्या प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर छापायचे नसते. कागद किती सरकवायचा ते प्रिंटरला सांगण्यासाठी ते असते. १ आला की नवे पान, रिकामी जागा असली की एक ओळ, शून्याला दोन ओळी, वजा चिन्हाला तीन. अधिक चिन्ह आले की कागद न सरकवता आधीच्याच ओळीवर पुन्हा छापायचे. ठळक अक्षरे आणि अधोरेखा अशाच निघत. ही फाइल आहे तशी पीडीएफ केली की प्रत्येक पानाच्या शीर्षकाआधी एक फालतू १ उमटतो, आणि ठळक छापायची बेरीज एकाखाली एक अशी दोनदा दिसते. लेखापरीक्षकाचे बोट पहिल्यांदा तिथेच जाणार.

याहून जास्त त्रास पानाच्या उंचीचा. या प्रणाली जिथे घडल्या तिथला कागद ११ इंच उंच, इंचाला ६ ओळी, म्हणजे पानाला ६६. आपल्याकडे सर्रास मिळणारी कॉम्प्युटर स्टेशनरी १०×१२ किंवा १५×१२, म्हणजे १२ इंच उंच, पानाला ७२ ओळी. नव्या प्रणालीत ६६ हा आकडा तसाच राहिला तर दुसऱ्या पानाचे शीर्षक फाडरेषेच्या एक इंच वरच सुरू होते आणि सातव्या पानाचे थेट कागदाच्या मधोमध येते. ऑपरेटर मग दर दोन-तीन पानांनी कागद हाताने सरकवत बसतो. दोष प्रिंटरचा समजून मेकॅनिकला बोलावले जाते. खरे तर सेटिंगमधला एक आकडा बदलायचा असतो.

लेझरवर ए-४ घ्यायचा असेल तर गणित आधीच मांडा. जुन्या मापाने इंचाला १० अक्षरे धरली तर १३२ अक्षरांना १३.२ इंच लागतात, आणि आडव्या ए-४ची रुंदी आहे ११.६९. इंचाला १३.३ अक्षरे घेतली की सुमारे ९.९ इंचांत ओळ बसते आणि फाइलला भोके पाडायला जागा उरते. उंची ८.२७ इंच, तेव्हा ७२ ओळी हव्या असतील तर इंचाला १० ओळी घ्याव्या लागतात. अक्षर बारीक होते. रोजमेळ रोज चाळणाऱ्या कॅशियरच्या हातात छापलेले पान द्या आणि मग त्यांचा होकार घ्या. पडद्यावर मोठे करून दाखवलेले पान ही मंजुरी धरू नये.

फाइल उतरवतानाही घात होतो. मेनफ्रेमची अक्षरसंहिता एब्सिडिक, आपल्या संगणकांची वेगळी, म्हणून उतरवताना रूपांतर होते. पण रकमा पॅक्ड दशमान पद्धतीने, म्हणजे एका बाइटात दोन अंक बसवून, ठेवलेल्या असतील तर १२३४५ ही रक्कम १२, ३४, ५सी अशा तीन बाइटांत असते. शेवटचा सी म्हणजे धन, डी म्हणजे ऋण. टेक्स्ट म्हणून रूपांतर केले की ५सी हा तारांकन (*) समजला जाऊन त्याचा, आपल्या संगणकातल्या तारांकनाचा, २ए होतो आणि रक्कम गेलीच. आयबीएमच्या एएफपी छपाई फाइलींचेही तसेच. अशा फाइली बायनरीतच, म्हणजे काहीही रूपांतर न करता, नोंदींच्या लांबीसकट उतरवायच्या.

मराठीचा प्रश्न स्वतंत्र आहे, आणि बाहेरचा पुरवठादार तो हमखास कमी लेखतो. जुना मराठी मजकूर एकतर इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संहितेमध्ये असतो, ज्याचे भारतीय मानक १९९१चे, किंवा एखाद्या फॉन्टच्या खासगी सांकेतांकांत. इस्की उच्चाराच्या क्रमाने साठवते, म्हणून आजच्या युनिकोड संहितेमध्ये आणायला सोपी. फॉन्टच्या सांकेतांकांत मात्र पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर ठेवलेला असतो. तिथे नुसती कोष्टकाने अदलाबदल केली तर खातेदारांची नावे बिघडतात. ‘र्‍हस्व’, ‘तर्‍हा’ अशा शब्दांतला र वेगळा तपासा. रकान्यांचेही पाहा. ‘सोलापूर’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा, युनिकोडमध्ये सात सांकेतांकांचा, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीमध्ये २१ बाइटांचा. जुन्या सवयीने रिकाम्या जागा मोजून रकाने लावले तर प्रत्येक नावागणिक रक्कम डावी-उजवीकडे पळते. प्रत्येक रकान्याची जागा मिलिमीटरमध्ये बांधावी आणि रक्कम उजव्या कडेला लावावी.

मेनफ्रेमच्या स्पूलची, म्हणजे छपाईची कामे रांगेत ठेवणाऱ्या व्यवस्थेची, एक सोय लोक गृहीत धरतात आणि ती गेल्यावर कळते. चारशेव्या पानावर कागद अडकला तर ऑपरेटर काही पाने मागे जाऊन तिथूनच छपाई पुढे चालू करतो. साध्या सर्व्हरवरून पीडीएफ पाठवली तर अनेकदा सगळी फाइल पुन्हा जाते. मागणी बिले किंवा थकबाकीच्या नोटिसा दोनदा गेल्या तर लोक रांगा लावतात. अनुक्रमांक असलेल्या डिमांड ड्राफ्टच्या कागदावर हे झाले तर प्रकरण गंभीरच. शिवाय ९१०० पोर्टवर किंवा एलपीआरने, म्हणजे नेटवर्कवरून प्रिंटरकडे पाठवण्याच्या साध्या पद्धतींनी, काम पाठवले की ‘पोहोचले’ एवढेच कळते. कागद बाहेर आला की नाही, ते नाही. आयपीपी या छपाईच्या प्रोटोकॉलमध्ये कामाची स्थिती विचारता येते, तेव्हा तोच मागावा. पुन्हा छापले तर कोणी, कधी, कोणती पाने, याची नोंद प्रणालीने स्वतः ठेवली पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की निविदेत छपाईला स्वतंत्र कलम आणि स्वतंत्र रक्कम असावी. आधी सगळ्या अहवालांची यादी करा: कोण वाचते, कोणत्या कागदावर, किती प्रती. यादी एका महिन्याच्या आधारे करू नका. सप्टेंबरअखेर आणि मार्चअखेरचे अहवाल एरवी दिसतच नाहीत. जे कोणी वाचत नाही ते सरळ बंद करा, खर्चाची मोठी बचत तिथेच आहे. उरलेले जुन्या-नव्या दोन्हीकडून काढून ओळीला ओळ, पानांची संख्या आणि शेवटची बेरीज ताडून पाहा, आणि या पडताळणीत एक मार्चअखेर आलीच पाहिजे.

जुने अहवाल पीडीएफ-ए या दीर्घकाळ जतनासाठीच्या प्रकारात, फॉन्ट आत घालून आणि खाते क्रमांक व तारखेच्या सूचीसह जतन करावेत. नुसती स्कॅन केलेली चित्रे नकोत. त्यात नाव शोधता येत नाही. जीएसटीचे हिशेबच वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, तेव्हा जुना संगणक भंगारात देण्याआधी हे काम उरकलेले हवे.

काट्यावरची उसाची वजनपावती मात्र डॉट मॅट्रिक्सवरच राहू द्या. कार्बनच्या तीन प्रती लेझर देत नाही. तिथे विंडोजचा ड्रायव्हर मध्ये न घालता मजकूर थेट प्रिंटरला पाठवावा. नाहीतर बारीक अक्षरांचा १५ क्रमांकाचा संकेत वाटेतच गळतो आणि ओळ कागदाबाहेर जाते.

आपले,
छपाई आणि संगणक प्रणालींचे काम करणारे काही सोलापूरकर