डीएफडी मोडीत काढण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘आता कोण डीएफडी काढतो?’ असे म्हणत बीसीए-बीएस्सीच्या अनेक वर्गांत सॉफ्टवेअर आखण्याची स्ट्रक्चर्ड पद्धत, म्हणजे काम प्रक्रियांत तोडून माहिती कुठून कुठे जाते ते डेटा फ्लो डायग्राममध्ये (डीएफडी) दाखवणे, एखाद्या तासात गुंडाळली जाते. ऑब्जेक्ट ओरिएंटेड (माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधलेल्या वस्तूंच्या रूपात विचार करणे) तेवढे आधुनिक, ही समजूत मुलांच्या डोक्यात पक्की बसते. टॉम डीमार्को आणि गेन-सार्सन यांची डीएफडीची मांडणी 1970च्या दशकाच्या अखेरची आणि यूएमएलला, म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड आकृत्यांच्या प्रमाण भाषेला, ओएमजी या मानके ठरवणाऱ्या संस्थेची मान्यता 1997ची, हे खरे. पण पद्धत वय पाहून निवडायची नसते. हातातल्या कामात किचकट काय आहे, नियम की वस्तूंच्या बदलत्या अवस्था, ते आधी पाहावे लागते.

एसटीचे तिकीटच घ्या. 65 ते 75 वयाला निम्मे भाडे, 75 पूर्ण झाल्यावर मोफत आणि मार्च 2023पासून महिलांना निम्मे. याचे क्लास डायग्राम काढायला सांगितले की ‘प्रवासी’ हा मूळ क्लास (एका प्रकारच्या वस्तूंचा साचा) आणि त्याखाली ‘महिला प्रवासी’, ‘ज्येष्ठ प्रवासी’ हे सबक्लास हमखास येतात. मग 70 वर्षांच्या आजींना कोणत्या चौकटीत बसवायचे? दोन्हींत बसवले तर निम्मे आणि निम्मे मिळून तिकीट शून्यावर येते, नाही तर निम्म्याचे निम्मे होऊन पाव भाडे उरते. आजींची तक्रार नसेल, एसटीची असेल! शिवाय वाढदिवस झाला म्हणून जावा किंवा सी++मध्ये ऑब्जेक्टचा क्लास बदलत नाही.

डिसिजन टेबलमध्ये, म्हणजे अटींच्या प्रत्येक जुळणीला उत्तर देणाऱ्या तक्त्यात, हा गुंता सरळ सुटतो. हो-नाहीचे तीन प्रश्न : 75 पूर्ण? 65 पूर्ण? महिला? म्हणजे 8 रकाने. ‘75 पूर्ण, पण 65 नाही’ हे अशक्य, म्हणून 2 गळाले. उरलेल्या 6 पैकी 75च्या पुढचे दोन रकाने एकच उत्तर देतात, ते जोडले. 65 ते 75चेही तसेच. राहिले 4 नियम. आजींना सवलत एकदाच, हे प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेल्या डेपोतल्या कारकुनालाही कागदावर तपासता येते. क्लासच करायचा तर ‘सवलत’ हा वेगळा करून प्रवाशाला जोडावा. पण तेही बहुधा टेबल मांडल्यावरच सुचते.

आरक्षणाकडे वळलो की पारडे फिरते. ‘आरक्षण करा’ हे वर्तुळ, ‘आसने’ हा डेटा स्टोअर (माहितीचा साठा), मध्ये बाण. डीएफडी पूर्ण दिसते. पण डीएफडीला वेळ कळत नाही. सीट निवडली, पैसे भरताना नेटवर्क गेले. ती सीट कोणी आणि किती मिनिटांनी सोडायची? त्या चित्रात हा प्रश्न उमटतच नाही. वस्तूच्या अवस्था आणि त्यांतले बदल दाखवणाऱ्या स्टेट डायग्राममध्ये ‘रिकामी’, ‘धरलेली’, ‘आरक्षित’ या अवस्था मांडल्या की ‘धरलेली’तून परत ‘रिकामी’कडे जाणारा, मुदत संपल्याचा बाण राहून गेला आहे हे चटकन दिसते. बरे, ही अवस्था सीटची तरी कुठे असते? पुणे-कोल्हापूर गाडीतली 12 नंबरची सीट साताऱ्यापर्यंत भरलेली आणि पुढे रिकामी असू शकते. म्हणजे अवस्था गाडीतल्या त्या बाकड्याची नव्हे. फेरी, सीट आणि मार्गाचा तुकडा या तिघांची मिळून. हा विचार क्लास डायग्राम करायला लावते.

प्रोजेक्ट रिपोर्टांत मात्र कोड आधी आणि आकृत्या नंतर, डीएफडी आणि यूएमएल दोन्ही चिकटवलेले. डीएफडीतल्या 2.0 या प्रक्रियेत तीन बाण शिरतात आणि तिच्याच 2.1, 2.2च्या तपशीलवार आकृतीत दोनच. बॅलन्सिंग, म्हणजे दोन्ही पातळ्यांवरचे बाण जुळणे, तिथेच मोडते. एका स्टोअरमधून थेट दुसऱ्यात बाण जातो, माहिती हलवणारी प्रक्रियाच नाही. डेटा डिक्शनरी (आकृतीतल्या प्रत्येक माहितीचे नाव आणि अर्थ सांगणारी यादी) म्हणून डेटाबेसच्या टेबलांची नक्कल. यूज केस (वापरणाऱ्याचे एक पूर्ण काम) म्हणाल तर स्क्रीनवरच्या प्रत्येक बटणाला एक लंबगोल.

व्हायवात परीक्षकांनी दोन गोष्टी पाहाव्यात. वस्तूंमधल्या मेसेजचा क्रम दाखवणाऱ्या सिक्वेन्स डायग्राममधला कोणताही एक मेसेज ज्या क्लासकडे जातो, त्याच्या ऑपरेशन्समध्ये (त्याला करता येणाऱ्या कामांत) तो आहे का? आणि डीएफडीतल्या कोणत्याही एका बाणाचे नाव डेटा डिक्शनरीत सापडते का? काम पाच मिनिटांचे. या तपासणीचे गुण सत्राच्या सुरुवातीलाच जाहीर केले, तर आकृत्या कोडच्या आधी निघू लागतील.

– एक संगणक-अध्यापक, सातारा