नवा बॉयलर, जुनं पाणी

संपादक महोदय,

घरच्या हीटिंगसाठी नवा बॉयलर कसा निवडावा, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. कंडेन्सिंग बॉयलर (जळालेल्या वायूतली उष्णताही वापरणारा) इंधन का वाचवतो, किती क्षमतेचा घ्यावा, थर्मोस्टॅट कुठे लावावा, हे सगळं लेखकाने नीट समजावलं आहे. पण हा नवा बॉयलर गरम पाणी खेळवणाऱ्या ज्या जुन्या पाइपांना आणि खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरना जोडायचा, त्यांच्या पोटात काय साठलंय याबद्दल अख्ख्या लेखात एक ओळ नाही. माझं पोट त्याच पाण्यावर चालतं, म्हणून हे पत्र.

हीटिंगच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करते. फिटर लोक रेडिएटरमधलं पाणी बाटलीत भरून पाठवतात आणि सोबतच्या चिठ्ठीत तक्रार लिहितात. बॉयलर कोराच आहे, तरी खोल्या तापत नाहीत, पंप अडकला, गरम पाण्याच्या नळाला मधूनच गार पाणी येतं, बॉयलरमधून किटलीसारखा आवाज येतो, अशा असंख्य चिठ्ठ्या मी वाचल्या आहेत. बाटली थोडा वेळ स्थिर ठेवली की तळाशी काळा थर बसतो. बाहेरून चुंबक फिरवला की तो थर काचेवरून चुंबकामागे सरकतो. हा गाळ म्हणजे मॅग्नेटाइट, लोहाचा काळा ऑक्साइड. तो बाहेरून आलेला नसतो. पोलादी रेडिएटर आतून झिजतात आणि ती झीज पाण्यात उतरते.

हा गाळ पाण्याच्या पाचपट जड असतो. प्रवाह मंदावला की तो खाली बसतो, म्हणून रेडिएटर वरून गरम आणि खालून गार लागतो. वरचा भाग गार असेल, तर आत गाळ नव्हे, वायू साठलेला असतो. हा फरक माहीत असेल, तर घरमालकाला फिटर यायच्या आधीच अर्धं निदान करता येतं. तो वायू दर वेळी हवाच असेल असंही नाही. गंजण्याच्या प्रक्रियेत हायड्रोजन सुटतो, म्हणून रेडिएटरमधला वायू सोडताना जवळ मेणबत्ती किंवा काडी पेटवू नये.

जुने ओतीव लोखंडाचे बॉयलर हा गाळ वर्षानुवर्षं सोसत असत, कारण त्यांचे पाण्याचे मार्ग ऐसपैस होते. आजच्या बॉयलरच्या हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे आचेची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात, पाणी अरुंद फटींतून जातं. नळाचं पाणी तापवणारा प्लेट हीट एक्स्चेंजर तर आणखी चिंचोळा असतो आणि बहुधा पहिला तोच तुंबतो. नव्या पंपांच्या रोटरमध्ये कायम चुंबक असतो, त्यामुळे काळा गाळ त्याच्याकडे आपणहून ओढला जातो. इंधन वाचवण्यासाठी यंत्र जेवढं नाजूक आणि हुशार झालं, तेवढं ते घाणीबाबत असहनशील झालं. मग वॉरंटीचा दावा केला की उत्पादक सुटा भाग उघडून पाहतो, आत काळा चिखल निघतो, आणि दावा फेटाळला जातो. यात मला उत्पादकाची बाजू पटते, हेही सांगून टाकते.

बॉयलर बदलण्याच्या अंदाजपत्रकात सफाई ही वेगळी ओळ असते. घासाघीस सुरू झाली की पहिली कात्री तिच्यावरच चालते. यंत्र भिंतीवर दिसतं, सफाई दिसत नाही. शिवाय नीट करायची तर तिला दिवसाचा बराच वेळ जातो, त्यामुळे घाईतल्या फिटरलाही ती टळली तर हवीच असते. काही जण जुनं पाणी सोडून देतात, नवं भरतात आणि ‘फ्लश केलं’ असं लिहून मोकळे होतात. त्या पाण्याबरोबर गाळाचा अगदी थोडा भाग जातो, बाकीचा तळाशीच राहतो.

नीट सफाईचा क्रम असा. जुना बॉयलर अजून चालू असतानाच पाण्यात सफाईचं रसायन घालायचं आणि त्याच्या उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत ते गरम पाण्याबरोबर फिरू द्यायचं. मग यंत्र लावून, भरपूर प्रवाह आणि कमी दाब ठेवून, एकेक रेडिएटर स्वतंत्रपणे धुवायचा, आणि प्रवाहाची दिशा अधूनमधून उलटी करायची. रबरी हातोडीने रेडिएटरच्या खालच्या कडेवर ठोके दिले की बसलेला गाळ सुटतो. हे सगळं नवा बॉयलर जोडायच्या आधी. आधी बॉयलर जोडून मग धुणं म्हणजे घाण थेट नव्या हीट एक्स्चेंजरमध्ये ढकलणं. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसलं एवढ्यावर थांबू नये. त्याची विद्युतवाहकता मोजून नळाच्या पाण्याशी ताडून पाहावी. दोन्हींत साधारण १० टक्क्यांहून जास्त फरक नको. तेवढं झालं नाही, तर सफाईचंच रसायन आत राहतं. माझ्याकडे येणाऱ्या वाईट नमुन्यांत असे कितीतरी असतात. पाणी काचेसारखं निवळ, पण आम्ल, आणि त्यात तांबं विरघळलेलं. सफाई झाली खरी, धुणं राहिलं. हीट एक्स्चेंजर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असेल तर प्रकरण आणखी नाजूक, कारण त्या धातूला आम्ल पाणी जसं सोसत नाही, तसं फार अल्कधर्मी पाणीही नाही. जर्मनीच्या व्हीडीआय २०३५ या मार्गदर्शिकेत पाण्याच्या पीएचची, म्हणजे आम्ल-अल्कधर्मी मोजमापाची, मर्यादा सर्वसाधारणपणे ८.२ ते १० अशी दिली आहे, ॲल्युमिनियमसाठी मात्र ती ९ वरच थांबते.

त्यानंतर बॉयलरकडे परत येणाऱ्या पाइपवर चुंबकीय फिल्टर आणि पाण्यात गंजरोधक रसायन, म्हणजे इनहिबिटर. ब्रिटनच्या बीएस ७५९३ या मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत सफाई, कायमचा फिल्टर, दरवर्षी इनहिबिटरची चाचणी, आणि दर ५ वर्षांनी एकतर नवी मात्रा किंवा पाण्याची सविस्तर तपासणी, असं सगळं सांगितलं आहे. मात्र फिल्टर बसवला म्हणजे सफाईची गरज नाही, हे विक्रेत्यांचं म्हणणं मला मान्य नाही. वाहत्या पाण्यातून जे येतं तेवढंच फिल्टर धरतो. रेडिएटरच्या तळाशी बसलेलं त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

आता माझा खरा मुद्दा. सफाई झाली तरी गाळ आला कुठून, हे कुणी विचारत नाही. थोडं गणित करू. नळाच्या गार पाण्यात लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. घरच्या हीटिंगमध्ये १०० लिटर पाणी धरलं तर ऑक्सिजन झाला १ ग्रॅम. तो सगळा लोखंडाला लागला तरी मॅग्नेटाइट तयार होईल साडेतीन ग्रॅमच्या आसपास. पुढे ऑक्सिजन संपल्यावरही लोखंड पाण्याशी संथपणे झिजतं, पण सफाईत मूठमूठ गाळ निघतो तो एवढ्याने भरत नाही. म्हणजे वर्षानुवर्षं कुठूनतरी नवा ऑक्सिजन आत येत होता. कुठे सांध्यातून पाणी झिरपतं आणि घरमालक प्रेशर उतरलं की निमूटपणे नळ सोडून ताजं पाणी भरतो. कुठे तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या प्रसरण टाकीतली हवा गेलेली असते, म्हणून तापताना दाब चढतो, सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर पडतं आणि पुन्हा ताजं पाणी. कुठे माळ्यावरच्या उघड्या टाकीत पंप पाणी उपसून टाकतो. कुठे ऑक्सिजन-रोधक थर नसलेले प्लास्टिकचे पाइप जमिनीखाली घातलेले असतात. पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर याच भरणीतून क्षारही येतात. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार धरले तर एका भरणीतून जास्तीत जास्त ३० ग्रॅम. तेवढ्यावर थांबलं तर ठीक, पण रोजच्या भरणीला अंत नसतो, आणि क्षार बसतात ते सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे नेमके हीट एक्स्चेंजरवर.

ताजं पाणी आणि ऑक्सिजन आत येण्याची ही वाट बंद न करता केलेल्या पॉवरफ्लशवर, म्हणजे वर सांगितलेल्या यंत्राच्या धुण्यावर, पैसे घालवू नयेत. पॉवरफ्लश सगळ्यांनाच लागतो, असंही नाही. एखाददुसराच रेडिएटर भरलेला असेल, तर तो काढून अंगणात होजने धुतला की काम भागतं. ८-१० मिलिमीटरचे पाइप पूर्ण तुंबले असतील, तर त्यांत कुठलंही यंत्र पाणी ढकलू शकत नाही, ते बदलावेच लागतात. आणि अगदी झिजलेला रेडिएटर धुतल्यावर गळू लागला, तर फिटरशी भांडू नये. भोक आधीच पडलेलं होतं, गाळाने ते बुजवून धरलं होतं.

सगळंच काम नवं असेल, तरी धुणं चुकत नाही. डाग देताना लावलेल्या फ्लक्समधले क्लोराइड आणि पाइप कापतानाचा कीस आत राहिला, तर पहिल्या वर्षातच गंज सुरू होतो.

आपली,
एक वाचक

ता. क. पाणी तपासायला पाठवायचं असेल, तर ते हीटिंग चालू असलेल्या रेडिएटरमधून घ्यावं, बाटली गळ्यापर्यंत भरावी आणि सोबत नळाच्या पाण्याची एक बाटली द्यावी. ती नसेल तर तुलना करायला आमच्याकडे काही उरत नाही. सफाईचं काळं पाणी पावसाच्या गटारात न सोडता सांडपाण्याच्या मोरीतच सोडावं.