अँप्लिफायर विकू नका, पिन मात्र बदला

बंगळुरू,
रविवार

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

दादाचा फोन आला, पाठोपाठ बाबांचा आला. दादा म्हणतो घरातली जुनी गाणी ऐकायची यंत्रं विकून डिजिटल आणा, बाबा म्हणतात ती विकायची नाहीत, आणि दोघांनीही "आता तूच सांग" म्हणून मला पंच नेमलं. फोनवर सांगायला गेले की बाबा मध्येच "माझं ऐक आधी" सुरू करतात, म्हणून लिहून पाठवतेय. दुकानातून छापून आणा, मोबाइलवर डोळे फोडत बसू नका.

निकाल आधीच सांगून टाकते. अँप्लिफायर आणि दोन्ही स्पीकर ठेवायचे, पण दुरुस्त करून. रेकॉर्ड प्लेअरही ठेवायचा, मात्र रोजच्या ऐकण्याला नको. कॅसेट डेक काढून टाकायचा, त्याच्यावर आणखी एक रुपया घालू नका. आणि रोजच्यासाठी दादा म्हणतो तसं डिजिटल आणायचं, पण त्याने लिंक पाठवलेला तो डबीएवढा गोल स्पीकर नको. थोडक्यात, दोघांनीही थोडं थोडं नाराज व्हायचं आहे.

सगळ्यात आधी आईचं. आई, फडकं मारताना अँप्लिफायरच्या पत्र्याला हात लागला की चुणचुणतं, असं तू मागे म्हणालीस आणि बाबांनी "काही होत नाही" म्हणून सोडून दिलं. बाबा, हे काही होत नाही असं नसतं. दोन पिनांचा जुना प्लग आहे, अर्थिंग नाही, बॉडीला करंट उतरतोय. तो दुरुस्त होईपर्यंत प्लग काढूनच ठेवा. दुरुस्तीवाल्याला तीन पिनांची वायर घालायला सांगा आणि पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर बदलायला सांगा. सुरू केल्या केल्या जी घूं घूं ऐकू येते, ती बहुतेक त्यांचीच. इतक्या वर्षांत ते आतून सुकतात. व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर स्प्रेने साफ होते. स्पीकरच्या कागदी कोनभोवतीचा काळा फोम बोट लावलं तर भुगा होऊन पडतोय, तो नवा चिकटवून मिळतो. अख्खा स्पीकर बदलायची गरज नाही, आणि कोणी बदलू म्हणालाच तर त्याच्याकडे देऊ नका. तसे लाकडी खोके आणि तेवढा मोठा कोन आज त्या पैशात मिळत नाही. आवाज चांगला की वाईट हे जास्त करून स्पीकर आणि खोलीच ठरवतात, त्याआधी गाणं तबकडीवरून आलं की फोनवरून, हा फरक त्यामानाने लहान.

आता रेकॉर्ड प्लेअरची पिन. बाबा, रेकॉर्डवर "श" आणि "स" फाटतात, ते "रेकॉर्ड जुनी झाली" म्हणून असेलच असं नाही. हिऱ्याची पिन साधारण ५०० ते १००० तास चालते. एका एलपीचे दोन्ही बाजूंचे मिळून चाळीसेक मिनिटं धरा. रोज एक ऐकली तर दोन ते चार वर्षांत पिन संपली. तुम्ही ती शेवटची कधी बदलली ते आईला विचारा, तिला आठवत असेल तर! झिजलेली पिन नुसती वाईट वाजत नाही, ती खाचेच्या भिंती खरवडत जाते. म्हणजे प्रेमाने रोज लावलेली रेकॉर्डच सगळ्यात जास्त खराब होते.

आणि रेकॉर्डखालची थाळी फिरवणारा रबरी बेल्ट. आई पेटी घेऊन रेकॉर्डबरोबर बसते तेव्हा सूर जुळत नाही, आणि दोष पेटीला. मिरजेसारख्या वाद्यांच्या गावात पेटी सुरात लावून आणली तरी जमेना म्हणता, मग पेटीने करायचं तरी काय? बेल्ट सैल पडला की थाळी हळू फिरते, आणि वेग सहा टक्क्यांनी पडला की सूर अख्खा एक अर्धस्वर खाली येतो. काळी एकमध्ये गायलेलं पांढरी एकला येऊन बसतं. आपल्याकडे तो मधेच कुठेतरी लोंबकळतोय, म्हणून आईला एकही पट्टी सापडत नाही. तपासायला सोपं आहे: १८० रेघांची कागदी चकती छापून पाठवतेय, ती थाळीवर ठेवायची, ३३ चा (मिनिटाला ३३ फेऱ्यांचा) वेग लावायचा आणि स्वयंपाकघरातल्या जुन्या चोकवाल्या ट्यूबखाली बघायचं. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब तिच्या तालावर लुकलुकते, त्यामुळे वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. उलट्या सरकल्या तर थाळी मागे पडतेय. एलईडीच्या दिव्याखाली करू नका, त्यात काही कळत नाही. हे काम आईनेच करावं. या घरात सुराचा खरा कान तिचा आहे, आणि या सगळ्या भांडणात तिला कोणी काही विचारलेलंच नाही.

बाबांचा मुद्दा असा की डिजिटलमध्ये तो जिवंतपणा नाही. मला हे अर्धंच पटतं. सीडीचा हिशोब १९८० मध्ये ठरला तोच घ्या: सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा. माणसाला ऐकू येतं तेवढं सगळं त्यात मावतं आणि तानपुऱ्यामागची शांतताही रेकॉर्डपेक्षा कितीतरी जास्त राहते. "जिवंत" वाटतं त्यात थोडी रेकॉर्डचीच भर असते, थोडी आपल्या स्पीकरची. ती आवडू नये असं मी म्हणत नाही, मलाही आवडते. पण खरं सांगा, विलंबित रंगात आलं की बाजू संपते, गुडघा धरून उठायचं, रेकॉर्ड उलटायची, परत बसेपर्यंत मध्यलय सुरू. आजोबांच्या वेळी तर तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग सांगायचा. अब्दुल करीम खाँसाहेब ते कसं करत असतील, तो वेगळाच विषय. पण आज एक मैफल दीड तास न तुटता ऐकता येते. मल्लिकार्जुन मन्सूर, कुमारजी, किशोरीताई, अगदी जोडरागासकट. जागेवरून न उठता. हा फायदा मला त्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा वाटतो.

मात्र इंटरनेटवर टाकलेलं सगळंच चांगलं असतं असं नाही. पुष्कळ गाणी कोणीतरी जुन्या कॅसेटवरून चढवलेली असतात आणि वेग चढलेला असतो. आईने पेटी लावून बघावी, नाही जुळलं तर दुसरीकडचं लावायचं.

करायचं एवढंच. माझा जुना फोन पाठवतेय, सिम नसलेला. म्हणजे ऐन समेवर गॅस एजन्सीचा फोन येणार नाही. अँप्लिफायरला एक छोटा ब्लूटूथ रिसीव्हर जोडायचा, हजार-दोन हजारांत येतो. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा आवळला जातो हे खरं, पण आपल्या हॉलमध्ये, वर पंखा चालू असताना, तो फरक मला तरी कळणार नाही. वायर मागे जिथे "ऑक्स" किंवा "टेप" लिहिलंय तिथेच खोचा, "फोनो"मध्ये नाही. ती जागा मॅग्नेटिक पिनेच्या बारीकशा सिग्नलसाठी असते, तिथे बाहेरचा आवाज दिला की फाटून येतो. ॲपमध्ये आवाजाचा दर्जा सगळ्यात वरचा मी लावून देते, तुम्ही सेटिंगला हात लावू नका. आईला सकाळी स्वयंपाकघरात अभंग आणि आकाशवाणी सांगली हवं असतं, त्याला बटणाचा रेडिओच बरा. तिच्यामागे ॲप लावू नका.

आत्या म्हणते तो सूटकेसमधला नवा "रेट्रो" प्लेअर अजिबात घेऊ नका. तसल्यांच्या पोटातले स्पीकर एवढेसे असतात आणि पिनेचा दाब बहुधा जड. दिसायला गोड, रेकॉर्डला वाईट.

आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्यांबद्दल एकच कडक सूचना. त्या लाखेच्या आहेत, स्पिरिटने पुसायच्या नाहीत. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. पाण्यात किंचित साबण, मऊ कापड, आणि मधल्या लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. एलपीच्या पिनेवर वाजवायच्याही नाहीत. त्यांची खाच जवळजवळ चौपट जाड पिनेसाठी असते, बारीक पिन तळाशी घासत फिरते आणि नुसता खरखराट येतो. एकावर एक रचूनही ठेवू नका, उभ्या ठेवा. दिवाळीला आले की आपण त्या एकदा नीट रेकॉर्ड करून घेऊ.

आणखी एक, बाबा, चिडू नका. ट्रेबलचं बटण हल्ली शेवटपर्यंत फिरवलेलं असतं आणि आई "कान किटले" म्हणते. वयाबरोबर वरचे सूर आधी जातात, सगळ्यांचेच जातात. नवीन काही घेण्याआधी एकदा कान तपासून या. मिरजेत राहून डॉक्टर शोधायला नको. कदाचित अँप्लिफायर इतका बिघडलेला नसेलही.

मला आता एवढंच हवंय: पिन ज्यात बसते त्या कार्ट्रिजवर बारीक अक्षरात नंबर असतो, त्याचा फोटो पाठवा, म्हणजे इथून पिन मागवते. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर नुसती चमक येते. दादाशी मी बोलते.

तुमची,
मनू