सूड पोरांचा की भरती करणाऱ्यांचा?

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या बालसैनिकांवरचा लेख वाचला, बराचसा आवडला, पण आईबाप मारले गेले की पोरगं सूडाला पेटणारच, हा त्यातला सूर काही पटला नाही. तिथल्याच एका बालसैनिकाचं, इश्माएल बेआचंच बघा ना, सरकार आणि बंडखोरांच्या यादवी युद्धात आईवडील आणि भाऊ गेले, तेराव्या वर्षी सैन्याने (बंडखोरांनी नव्हे, सरकारी सैन्याने!) हातात एके-४७ दिली, वर ड्रग्ज, आणि सारखं एकच डोक्यात भरवायचं की समोरच्यांनीच तुझं घर संपवलं. म्हणजे दुःख त्याचं खरं, पण त्याला दिशा दिली ती मोठ्यांनी, कारण त्यांना लढायला माणसं हवी होती. १९९६ मध्ये युनिसेफने त्याला तिथून बाहेर काढलं, पुनर्वसन केंद्रात काही महिने गेले पण तो सावरला, सूड रक्तातच असता तर हे झालं असतं का? पुढे तिथल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या विशेष न्यायालयाला १५ वर्षांवरच्या मुलांवरही खटला चालवता येत होता, तरी सरकारी पक्षाने तो चालवला नाही आणि २००७ मध्ये दोषी ठरले ते पोरांना भरती करणारे कमांडर. लेखात याबद्दल एक ओळसुद्धा नाही, पुढच्या भागात तरी यावी.
– एक वाचक, सातारा