शिबिरात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात नेत्र तपासणी शिबिराची बातमी वाचली. फोटो चांगला मोठा. नेते, नेत्यांचे भाऊ, बॅनर, अन् कोपऱ्यात नवा चष्मा घातलेली एक म्हातारी, तिचं अर्धं तोंड बॅनरनं झाकलेलं. "ज्येष्ठांना मिळाली दृष्टी" असं तुमच्या प्रतिनिधीनं लिहिलं. दृष्टी नाही हो साहेब, चष्मे मिळाले.

अशाच एका शिबिरात आमच्या मोठ्या बाबांनाही, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाला, चष्मा मिळाला होता. शाळेच्या खोलीत शिबिर. तो अक्षरांचा तक्ता 6 मीटरवर म्हणजे वीस फुटांवर पाहिजे, पण भिंतीला खिळा जिथं होता तिथं टांगला अन् खुर्ची ठेवली दहा फुटांच्या आत, मग कोण नाही वाचणार? एकेक डोळा झाकायचीही भानगड नाही, दोन्ही उघडे ठेवूनच बाबांनी शेवटची ओळ खडाखडा वाचली. मशीनवर हनुवटी टेकवली, नंबर निघाला, चाळशीचा चष्मा हातात, चला पुढचा. ना डोळ्यात थेंब, ना डोळ्याचं प्रेशर मोजणं, ना आत पाहणं. शुगर आहे का एवढंही कोणी विचारलं नाही. कार्डावर लिहून दिलं, नॉर्मल.

आता हे नॉर्मल घरी कसं होतं ते ऐका. बाबा पेपर वाचायचे, तुमचाच, बारीक अक्षरातल्या बाजारभावासकट. पण डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप दिसायचा नाही, हात लागून लवंडायचा. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचा. बंडी जुंपताना डावीकडचा बैल एकदम जवळ आला की दचकायचे. मोठी आई म्हणे, "ध्यान कुठं राह्यते वो तुमचं?" अन् गावातले सगळे डॉक्टर, म्हणजे पारावरचे, म्हणत मोतीबिंदू आहे, पिकू द्या मग काढू. पिकायला तो काय आंबा आहे का? अन् मोतीबिंदू असता तर बरंच झालं असतं, ऑपरेशन करून मोकळे झालो असतो.

शेवटी चुलतभावानं सेवाग्रामला नेलं. तिथं डाव्या डोळ्याचं प्रेशर निघालं 38, असायला पाहिजे 10 ते 21 च्या मधात. थेंब टाकून बाहुली मोठी केली, आत पाहिलं तर डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुकत आलेली. मग ती फिल्डची टेस्ट, म्हणजे बाजूचं किती दिसतं ते पाहायची, गोल मशीनमध्ये तोंड घालून बसायचं अन् लाईट चमकला की बटन दाबायचं. बाबा बटन धरून नुसते बसून, आम्हाला वाटलं मशीनच बंद पडली. लाईट चमकतच होते, त्यांना दिसत नव्हते. काचबिंदू. बाजूची नजर आधी जाते, समोरचं शेवटपर्यंत दिसत राहते म्हणून तक्ता वाचता येतो अन् कोणाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं वाचवायला रोज थेंब टाकायचे, जन्मभर. रक्ताच्या नात्यातल्या चाळिशीवरच्या सगळ्यांनी तपासून घ्या असंही सांगितलं. आत्या अजून गेली नाही. तिचं म्हणणं, मला तर सुई ओवता येते, कायले जाऊ.

शिबिरं घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. 1976 पासून केंद्राचा अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम चालू आहे, मोतीबिंदूची फुकट ऑपरेशनं होतात, नाहीतर आमच्याकडची निम्मी म्हातारी माणसं खाटेवर बसून राहिली असती. पण थेंब टाकल्यावर बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो, तेवढा टाइम भाषणांना निघतो, थेंबाला निघत नाही. प्रेशर मोजलेलं फोटोत दिसत नाही ना, चष्मा दिसतो. बाकी काही नाही तर काळ्या पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून त्यातून तक्ता वाचायला लावा, भोकातून साफ दिसलं तर नंबरचं काम आहे, नाही दिसलं तर आत काहीतरी गडबड, त्याला पुढं पाठवा. याला काय खर्च आहे? हो, काचबिंदू त्यानंही सापडत नाही, त्याला प्रेशर अन् नस पाहावीच लागते.

अन् त्याच बातमीच्या खाली तुमची ती जाहिरात, मोतीबिंदू विनाऑपरेशन, फक्त थेंबांनी! डोळ्यातलं भिंग पांढरं झालं की ते काढून दुसरं बसवावं लागतं, थेंबानं विरघळत नाही, हे तुमच्याच पुरवणीत एका डॉक्टरांनी लिहिलं होतं. लोक छापलेलं खरं मानतात हो. आमच्या शेजारच्या पोराला तूर सोंगताना काडी लागली, डोळा लाल झाला, कोणाला न दाखवता मेडिकलमधून थेंब आणले, निघाले स्टेरॉइडचे. काडीच्या जखमेत बुरशी होती, ती त्या थेंबांनी वाढली, आता बुबुळावर फूल पडलं. पोरगा बावीस वर्षांचा आहे.

जाहिरातीचे पैसे तुम्हाला लागतात, समजू शकतो. निदान शिबिराची बातमी अन् ती जाहिरात वेगवेगळ्या पानांवर तरी घ्या. अन् प्रतिनिधीला सांगा, पुढच्या शिबिरात प्रेशरचं मशीन होतं का, किती लोकांना पुढं पाठवलं, एवढं विचारून मग लिहा. पत्रं कापून छापता ते माहीत आहे. कापायचंच असेल तर वरचं कापा, जाहिरातीचं राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक
(नाव छापू नये)
जि. यवतमाळ