मेणवलीचा वाडा आणि जिऊबाई

अरे लेका,

फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितोय. परवा वाईचं काम लवकर आटपलं, मेणवली तिथून तीन-चार किलोमीटर, म्हटलं नाना फडणवीसांचा वाडा बघूनच येऊ. बाहेरून खरं सांगू, काहीच वाटत नाही. पण आत शिरलास की चौकामागून चौक, असे सहा चौक, आणि भिंती एवढ्या जाड की खिडकीच्या खाचेत मी चक्क मांडी घालून बसलो, बाहेर ऊन रणरणतंय आणि पाठीला गार दगड. भिंतीवरची चित्रं आहेत अजून, पण पोपडे सुटलेत, एका देवाचे नुसते पायच उरलेत.

गाव नानांना मिळालं औंधच्या प्रतिनिधींकडून, 1768 च्या आसपास. मग वाडा, कृष्णेवरचा घाट, देवळं असं सगळं झालं. घाटावरची घंटा तर भन्नाट! चिमाजीअप्पांनी 1739 ला वसई घेतली तेव्हाची, पोर्तुगीज चर्चमधली, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू, आणि टांगलीय शंकराच्या देवळाशेजारी. गावात कुणाला त्याचं काही नाही.

पण माझ्या डोक्यातून जात नाहीये ती जिऊबाई. साडेतीन शहाण्यांतला अर्धा शहाणा म्हणून नाना आपण शाळेत घोकले, बायकोचं नाव कुणी घेतलं का? 13 मार्च 1800 ला नाना गेले तेव्हा ही अगदी पोर होती रे, मूलबाळ नाही, आणि दुसऱ्या बाजीरावाचा डोळा नानांच्या इस्टेटीवर. शेवटी इंग्रज मधे पडले, तो वेलस्ली, पुढे वॉटर्लू जिंकणारा, त्याच्यामुळे सुटली आणि वर्षाला 12000 ची पेन्शन मिळाली. आता गंमत बघ, ज्या इंग्रजांना नानांनी जन्मभर लांब ठेवलं त्यांच्याच पैशावर ही जगली. 1818 ला पेशवाई बुडाली, बाजीराव बिठूरला गेला, बाई मात्र आपली आहेच, 1827 मधे मुलगा दत्तक घेतला आणि घर पुढे चालू. माझ्या लेखी वाडा तिचाच.

इथलं मोडी दफ्तर इतिहास-संशोधक पारसनीसांनी मिळवलेलं, आता ते पुण्यात डेक्कन कॉलेजला आहे. तू दोन वर्षांपूर्वी मोडीचा क्लास केलास ना, सर्टिफिकेटसुद्धा फ्रेम केलंयस. मग काढ की एक दिवस. तिच्या हातचं नसेल, कारकुनाने लिहिलेलं असेल, पण तिच्या नावचं एखादं पत्र सापडलं तर मला तिथूनच फोन लाव.

तुझाच