गाणी म्हणा, भाषण नको म्हणता? मग यू टूच्या शोमधे उरणार काय?

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एकांनी लिहिलं होतं की रॉक बँडनी स्टेजवर राजकारण आणू नये, आम्ही तिकिटाचे पैसे गाण्यांसाठी देतो, भाषण ऐकायला नाही, आणि उदाहरण म्हणून त्यांनी यू टू या आयरिश बँडचं आणि त्याचा गायक बोनोचं नाव घेतलं होतं. हा वाद आमच्या फॅन लोकांत वर्षानुवर्षं चालू आहे, त्यामुळे नवीन काही नाही, पण पेपरात छापून आल्यावर गप्प बसवेना म्हणून लिहितोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे या बँडच्या बाबतीत गाणी एका बाजूला आणि राजकारण दुसऱ्या बाजूला असं काढताच येत नाही. १९७६ मधे डब्लिनच्या शाळेत लॅरी मलननं (ड्रम वाजवणारा) नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली आणि ही पोरं जमली, तेव्हा आयर्लंडच्या उत्तरेला, ब्रिटनमधे राहायचं की आयर्लंडला जोडायचं यावरून, रोज बॉम्ब आणि गोळ्या चालू होत्या. १९८३ च्या 'वॉर' अल्बममधलं 'संडे ब्लडी संडे' कशावर आहे? ३० जानेवारी १९७२ ला उत्तर आयर्लंडच्या डेरी शहरात नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला, तेरा माणसं त्याच दिवशी गेली आणि एक नंतर. आता हे गाणं राजकारण बाजूला ठेवून कसं वाजवायचं ते मला सांगा. आणि वाजवताना बोनो पांढरा झेंडा घेऊन नाचायचा, अमेरिकेतल्या रेड रॉक्सच्या पावसातला तो १९८३ चा शो ज्यांनी पाहिलाय त्यांना माहितीये, म्हणजे कुठल्याच बाजूचा रंग नको, माणसं मारणं थांबवा एवढंच म्हणणं होतं. अशी भूमिका घेणं तेव्हा सोपं नव्हतं, दोन्हीकडच्या लोकांना राग यायचा.

आणि ८ नोव्हेंबर १९८७ ची रात्र तर मला सगळ्यात मोठी वाटते. त्या सकाळी उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलन गावात युद्धात गेलेल्यांना आदरांजली वाहायला लोक जमले होते, तिथं ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेनं बॉम्ब फोडला, अकरा माणसं मेली. त्याच रात्री यू टूचा शो होता अमेरिकेत डेन्व्हरला. बोनोनं 'संडे ब्लडी संडे' मधेच थांबवलं आणि समोरच्या गर्दीतल्या आयरिश वंशाच्या अमेरिकन लोकांना सुनावलं, की तुम्ही वर्षानुवर्षं तिकडे पाऊल न टाकता इथं बसून आमच्या देशातल्या 'क्रांती'चं कौतुक करता, पेन्शन घेणारी म्हातारी माणसं मेडल लावून उभी असताना त्यांना उडवण्यात कसला पराक्रम. शिव्या घालूनच बोलला. 'रॅटल अँड हम' सिनेमात ते आहे, बघा कधीतरी. ज्यांनी तिकिटं काढलीत त्यांनाच, त्यांना न आवडणारी गोष्ट, तोंडावर सांगणं म्हणजे काय ते त्यात दिसतं. याला कोणी रसभंग म्हणत असेल तर म्हणो बापडा. मला वाटतं त्या गाण्याला त्या रात्री त्याचा पूर्ण अर्थ आला.

त्याच वर्षी ॲरिझोनात टूर सुरू झाली तेव्हा तिथल्या गव्हर्नरनं मार्टिन ल्यूथर किंगच्या नावाची सुट्टी रद्द केली होती. बँडनं त्याच्या विरोधात जाहीर निवेदन काढलं आणि त्याला पदावरून काढायच्या मोहिमेला पैसे दिले. मग धमकी आली की किंगवरचं 'प्राइड' गाणं म्हटलंस तर गोळी घालू. बोनो स्वतः सांगतो की ते कडवं म्हणताना त्यानं डोळे मिटले आणि उघडले तेव्हा बँडमधला बास वाजवणारा ॲडम क्लेटन गिटार घेऊन त्याच्या पुढ्यात येऊन उभा होता.

आता कोणी म्हणेल हे सगळं जुनं झालं. मग १९९८ चं चिलीतलं सांगतो, कारण आपल्या वादाशी त्याचा थेट संबंध आहे. सॅन्तियागोच्या नॅशनल स्टेडियममधे शो होता, आणि हे तेच स्टेडियम जिथं १९७३ च्या लष्करी उठावानंतर हजारो लोकांना कोंडून छळलं होतं. त्या उठावानं सत्तेवर आलेला हुकूमशहा पिनोशे तेव्हाही लष्करप्रमुखच होता, एक महिना बाकी होता त्याचा. बँडनं 'मदर्स ऑफ द डिसॲपिअर्ड' वाजवलं आणि ज्यांची मुलं गायब केली गेली त्या आया स्टेजवर आल्या, मुलांचे फोटो हातात, एकेकीनं आपल्या मुलाचं नाव घेतलं, आणि बोनो पिनोशेला उद्देशून म्हणाला की या बायकांना त्यांच्या मुलांचे मृतदेह कुठे आहेत तेवढं तरी सांग. हे टीव्हीवर लाइव्ह चालू होतं. स्टेडियममधे काही लोक टाळ्या वाजवत होते आणि काही चक्क ओरडून विरोध करत होते. म्हणजे बघा, फॅन लोकांतलं हे भांडण तेव्हा तिथं समोरासमोर झालं, गाणं चालू असताना. ज्यांनी ओरडून विरोध केला ते पण यू टूचे फॅनच होते ना. त्या आया त्या स्टेडियममधे उभ्या राहिल्या, माइकवर, नावं घेत. त्या दहा मिनिटांसाठी दोन हिट गाणी कमी झाली असतील तर होऊ देत.

पण मी आंधळा भक्त नाही आणि टीका करणाऱ्यांचं सगळंच चुकीचं आहे असंही म्हणत नाही. १९९३ ला झू टीव्ही टूर चालू असताना त्यांनी रोज रात्री शोमधून सॅटेलाइटनं बोस्नियाच्या राजधानीला, सारायेव्होला, व्हिडिओ लिंक जोडायचे ठरवले, तिथं वेढा पडलेला, स्नायपर टिपून टिपून माणसं मारतायत, बिल कार्टर नावाचा अमेरिकन तरुण तिथल्या लोकांना कॅमेऱ्यासमोर आणायचा आणि सत्तर-ऐंशी हजार लोक झगमगाटात उभे राहून ऐकायचे. लंडनला वेम्बलीत एका रात्री तिथल्या बायका म्हणाल्या की तुम्ही तिकडे मजा करताय, आमच्यासाठी काही करणार नाही, विसरून जाल. स्टेडियम गार पडलं. त्यानंतर ते लिंक बंदच झाले. यावर आमच्यातले काही म्हणतात की ते दुसऱ्याच्या दुःखाचा शो करणं होतं, लॅरीला स्वतःलाही ते फार जड गेलं होतं. माझं मत वेगळं आहे. त्या बायका बोलल्या ते ऐकायला त्रास झाला कारण ते खरं होतं, आणि ते त्यांना स्वतःच्या तोंडानं बोलता आलं, बोनोनं त्यांच्या वतीनं बोलायची गरज पडली नाही. आणि विसरले पण नाहीत, २३ सप्टेंबर १९९७ ला युद्ध संपल्यावर हे लोक सारायेव्होच्या कोशेवो स्टेडियममधे जाऊन वाजवून आले, जवळपास ४५ हजार माणसं, कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखलेल्या भागांतून आलेली, शोसाठी रेल्वे परत सुरू केली होती. बोनोचा घसा त्या रात्री बसला आणि गाणी लोकांनीच म्हटली.

मला खटकतं ते वेगळंच आहे. स्टेजवरचं राजकारण नाही, स्टेजखालचं. आयर्लंडनं कलाकारांच्या करमाफीला अडीच लाख युरोची मर्यादा घालायचं ठरवलं आणि २००६ मधे यू टूनं आपल्या गाण्यांच्या हक्कांचा धंदा नेदरलँड्सला हलवला. कायदेशीर होतं, मान्य. पण जो माणूस श्रीमंत देशांच्या सरकारांना सांगतो की आफ्रिकेसाठी तिजोरी उघडा, त्याच्याच बँडनं आपल्या देशाच्या तिजोरीत कमी भरायची वाट शोधावी हे पटत नाही, तेव्हाही पटलं नव्हतं. २०११ ला इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात त्यांचा शो चालू असताना काही तरुणांनी तुम्हीही कर भरता का असं लिहिलेला मोठा फुगा वर करायचा प्रयत्न केला आणि सिक्युरिटीनं तो खाली ओढला. ज्या बँडनं सॅन्तियागोत स्टेजवर विरोधाचा आवाज आणला त्यांच्या शोमधे हे व्हायला नको होतं, फुगा राहू द्यायचा होता.

मग बोनो मोठ्या लोकांच्या गळ्यात गळे घालतो ही तक्रार. बुश, ब्लेअर, अमेरिकन सेनेटर जेसी हेल्म्स, सगळ्यांना भेटला, फोटो काढले. लॅरी तर उघड बोलला की हे बघून मला कसंतरी होतं, म्हणजे हा वाद फॅनमधेच नाही, बँडच्या आतही आहे. इथं मी बोनोच्या बाजूनं आहे, कारण त्यातून काय आलं ते बघा. हेल्म्ससारख्या कट्टर माणसाचं एड्सबद्दलचं मत बदललं, २००३ ला अमेरिकेनं एड्सच्या औषधांसाठी पेपफार योजना आणली, ज्यामागे बोनोसारख्या अनेकांचा लकडा होता, आणि अमेरिकन सरकारच्याच आकड्यांनुसार त्यातून अडीच कोटी जीव वाचले. फोटो खटकतो तर खटकू दे. औषधं पोचली.

अलीकडचं भांडण गाझावरून आहे. ८ ऑक्टोबर २०२३ ला लास व्हेगासच्या स्फिअर या सभागृहात बोनोनं 'प्राइड'चे शब्द बदलून इस्रायलमधल्या संगीत महोत्सवात मारल्या गेलेल्या मुलांसाठी म्हटलं. ते योग्यच होतं, गायला-नाचायला गेलेली पोरं होती ती. पण नंतर गाझात महिनोन्‌महिने जे चाललं त्यावर बँड म्हणून स्पष्ट बोलायला ऑगस्ट २०२५ उजाडला, तेव्हा चौघांनी वेगवेगळी निवेदनं दिली आणि गिटार वाजवणाऱ्या एजचं त्यात सगळ्यात सडेतोड होतं. फार उशीर झाला, हे मी त्यांचा फॅन म्हणूनच म्हणतोय. सॅन्तियागोच्या आयांसाठी जी तळमळ दिसली ती गाझातल्या आयांसाठी त्याच वेगानं दिसायला हवी होती. माझ्या ओळखीतले काही फॅन यावरून कायमचे दुरावले, आणि मला त्यांचा राग समजतो, मात्र त्यांची मागणी नीट ऐका: ते बोलू नका म्हणत नाहीयेत, सगळ्यांसाठी बोला म्हणतायत. तुमच्या पत्रलेखकांचं म्हणणं याच्या अगदी उलटं आहे, ही दोन्ही टीका एकात कालवू नये.

आपल्याकडे खरंतर हे समजायला जड जाऊ नये. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी डफावर थाप मारून संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न गावोगाव नेला, तेव्हा शाहिरानं नुसतं गावं, मुंबईचा विषय काढू नये असं म्हणणाऱ्याला लोकांनी काय उत्तर दिलं असतं?

आणि आपल्या दारातलंच सांगतो. १५ डिसेंबर २०१९ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला यू टूचा भारतातला पहिला शो झाला, जोशुआ ट्री टूरचा शेवटचा. ए. आर. रहमान आणि त्यांच्या मुली स्टेजवर आल्या, 'अहिंसा' गायल्या. आणि एका गाण्याला मागच्या भल्यामोठ्या स्क्रीनवर कर्तबगार बायकांचे चेहरे येत होते, त्यात गौरी लंकेश होत्या, २०१७ मधे बेंगळुरूला स्वतःच्या घराच्या दारात गोळ्या घालून मारलेल्या पत्रकार. एक परदेशी बँड नवी मुंबईत येऊन आपल्याला आपल्याच एका पत्रकाराचा चेहरा दाखवतो, ही माझ्या मते त्या शोमधली सगळ्यात मोठी बातमी होती. मी वाचलेल्या बऱ्याच बातम्यांत मात्र कोणते सिनेस्टार आले आणि कोणी काय घातलं होतं हेच जास्त.

म्हणून तुम्हाला एक विनंती. आता नवी मुंबईत मोठमोठे बँड येऊ लागलेत, जानेवारी २०२५ ला कोल्डप्लेचे त्याच मैदानावर तीन शो झाले. पुढच्या वेळी तुमचा बातमीदार पाठवाल तेव्हा त्याला सांगा की गाण्यांची यादी आणि लायटिंग याबरोबर स्टेजवरून काय बोललं गेलं, कोणाचं नाव घेतलं गेलं, आणि गर्दीनं टाळ्या वाजवल्या की विरोध केला, तेही लिहून आण. पटलं नाही तर आम्ही वाचक पत्रांतून भांडूच.

आपला,
एक वाचक, ठाणे